कोच म्हणजे बस

१२ सप्टेंबर १९९१, गुरुवार

उद्या शुक्रवारची सुट्टी, म्हणून आज म्हणे हाफ डे. माझा हाफ डे दुपारी चारला संपला.

आमच्या अरबाबांना, म्हणजे गल्फातल्या या कॉलेजच्या मालकांना, कॉलेज उघडून पंधरा दिवस झाले नाहीत तोच फुटबॉलची टीम हवी झाली आहे. लायब्ररीत पुस्तकं एकशे चाळीस, त्यातल्या साठ टेलिफोन डिरेक्टऱ्या. पण टीम हवी. का, तर पलीकडच्या कॉलेजकडे आहे. त्यासाठी रत्नागिरीहून वली परकार नावाचा कोच येतोय. लाथा कशा माराव्यात हे शिकवायला विमानाने माणूस आणायचा! आमच्या सांगलीत हे कुणाला शिकवावं लागत नाही.

त्याच्या व्हिसाचे कागद टाइप करून घ्यायचं काम अर्थात ऑफिस असिस्टंट भानुदास टिकेकर यांच्या गळ्यात. हातात दोन फायली होत्या. एक या परकारची, दुसरी कॉलेजने घेतलेल्या सव्वीस सीटर गाडीच्या रजिस्ट्रेशनची. डीलर गाडीला बस म्हणत नाही, ऐटीत ‘कोच’ म्हणतो. बिलावरही ‘कोच’. टायपिंग सेंटर बंद व्हायला पाच मिनिटं होती. परकारच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी मोठ्या अक्षरांत ‘कोच’ लिहिलं होतं. टायपिंगवाल्याने विचारलं, “कोच? बस?” मी दुसरी फाइल पुढे सरकवत म्हटलं, “यस यस, बस. यल्ला, यल्ला, लवकर.” त्याने खडखड अरबीत टाइप केलं, शिक्का मारला. झालं एकदाचं.

९ नोव्हेंबर १९९१

परकार हजर झाला. काटकुळा, चाळिशीचा, मिशी आहे की नाही ते जवळून बघावं लागतं. एक ट्रंक. ट्रंकेत दोन पँटी, कुराण आणि हवा काढून चपटे केलेले नऊ चेंडू. याला म्हणतात कोच!

पण खरा उजेड आज त्याच्या पासपोर्टमध्ये पडला. व्हिसाचा शिक्का बसून आला. अरबी मला वाचता येत नाही, पण सोबतच्या कार्डावर इंग्रजीही होतं. व्यवसाय : बस ड्रायव्हर.

तीनदा वाचलं. टायपिंगवाला शुद्ध गाढव आहे. शंका आली तर माणसाने विचारावं की नाही?

आता दुरुस्ती करायची तर अरबाबांच्या सहीचं पत्र हवं. त्यात चूक कशी झाली ते लिहायचं. आणि अरबाबांनी परवाच चेकवर तारीख चुकवणाऱ्या कॅशिअरला “खलास” म्हणून एका शब्दात मुंबईला धाडलंय. सुलभाच्या आणि पर्णिकाच्या व्हिसाचे कागद त्यांच्याच टेबलावर सहीसाठी पडलेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली मागची दोन मी इथे बॅचलर म्हणून आमटी जाळत काढली आहेत. या आठवड्यात मी त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाही. पुढच्या आठवड्यात बघू.

१४ डिसेंबर १९९१

सह्या झाल्या! सुलभा आणि पर्णिका जानेवारीअखेर येणार.

हे लिहीत होतो तेवढ्यात परकार आला. हातात बायकोचा आणि मुलीचा फोटो. बायको शहनाझ, मुलगी एमान, सहा वर्षांची, पुढचा दात पडलेला. “सायब, व्हिसाच्या काउंटरवर बोलतात ड्रायव्हरला फॅमिली आणता येत नाय. मी कुठला ड्रायव्हर? मला सायकलीबिगर काय चालवता येत नाय.”

मी म्हटलं, टायपिंग सेंटरचा घोळ आहे. दुरुस्ती फार किचकट असते. मिनिस्ट्री, मग अबू धाबी, मग परत मिनिस्ट्री. तीन वर्षांनी रिन्यूअल येईल तेव्हा करू, इन्शाल्ला.

तोही छातीवर हात ठेवून “इन्शाल्ला” म्हणाला आणि समाधानाने गेला. बिचारा नवा आहे. इथल्या ऑफिसात तो शब्द टेबलाच्या कुठल्या बाजूने आलाय ते आधी बघायचं असतं.

११ फेब्रुवारी १९९२

घरात माणसं आली. सुलभाने पहिल्याच दिवशी माझं जळकं पातेलं खाली नेऊन टाकलं. पर्णिका सात वर्षांची, शाळेत जाऊन आठवडा झाला नाही तर “ओके बाबा” म्हणते.

ऑफिसात आज भलताच प्रसंग. लेबर खात्याचा इन्स्पेक्टर आला. मैदानावर गळ्यात शिट्टी घालून परकार उभा, आणि कार्डावर बस ड्रायव्हर. इन्स्पेक्टरच्या भुवया वर. माझं डोकं अशा वेळी चालतं. म्हटलं, “सर, हा टीमची बस चालवतो. बस उभी असते तेव्हा पोरांवर लक्ष ठेवतो.” नवीन बस उभीच होती दारात. गेला बापडा.

मग मीच अरबाबांकडे गेलो. सांगितलं, मालक, माझ्या डोक्यात सुरुवातीपासून हीच योजना होती. एक व्हिसा, दोन कामं. वेगळा ड्रायव्हर नको. अरबाब एवढे खूश झाले की उठून माझ्या खांद्यावर हात टाकला. “हबीबी, यू थिंक!” एक तारखेपासून मी ऑफिस सुपरिंटेंडंट. चूक टायपिंगवाल्याची, अक्कल माझी.

सुलभाने शिरा केला.

२२ जून १९९२

परकार ड्रायव्हिंग टेस्टमध्ये चौथ्यांदा नापास. पार्किंगमध्ये ड्रम पाडतो. अकरा पोरांना कुणी कुठे उभं राहायचं ते सांगणारा हा महाभाग, स्वतः एक गाडी दोन ड्रमांमध्ये उभी करू शकत नाही. ऑफिसात मी याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. परकार दारात उभा होता. तोही हसला.

१८ मार्च १९९३

आम्ही इंटर-कॉलेज कप जिंकलो. आम्ही म्हणजे काय, माझ्या कपाटात आता एक पितळी भांडं आलं, एवढंच.

कसा जिंकलो ते ऐकण्यासारखं आहे. हा प्राणी सहा वेळा नापास होऊन सातव्या खेपेला पास झाला. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी कॉलेजच्या पोरांना बसमध्ये कोंबून मुहैस्नाहला नेत होता. तिथल्या लेबर कॅम्पातले गवंडी, सुतार, प्लंबर हाफ डे संपवून वाळूत अनवाणी खेळतात. त्यांच्याशी मॅच! गल्फात ज्यांचे बाप मॅनेजर ती पोरं, आणि समोर दिवसभर विटा वाहिलेली माणसं. पहिल्या गुरुवारी आठ-शून्य हरले. पालकांच्या तक्रारी माझ्याकडे आल्या, मुलांना कुठे नेता, कसले रोग होतील. मी त्या जपून फाइल केल्या. परकार म्हणे, “सायब, ही पोरा पडली की रेफरीकडे बघतात. ती माणसा पडली की उठतात. तेवढाच शिकवायचा हाय.” काय पण तत्त्वज्ञान! सहा महिन्यांत तीच पोरं वाळूतून गवतावर आली आणि सुसाट सुटली, एवढं मात्र खरं.

बक्षीस समारंभात अरबाब, प्रिन्सिपॉल आणि मी स्टेजवर. परकार बस लावत होता.

६ सप्टेंबर १९९४

रिन्यूअल. परकारने तारीख लक्षात ठेवली होती. सकाळी साडेसातला माझ्या टेबलासमोर हजर, इस्त्रीचा शर्ट घालून.

आता खरं सांगायचं तर मला काय करता आलं असतं? अरबाबांना तीन वर्षं सांगितलंय की ही माझी योजना. आता जाऊन म्हणू, मालक, योजना नव्हती, घोळ होता? सुपरिंटेंडंटची खुर्ची गेली तर गेली, सुलभाची नुकतीच शाळेत नोकरी लागलीय, पर्णिका पाचवीत गेलीय. कुणाच्या तरी बायकोसाठी मी माझी बायको परत पाठवू? मी काय साधुसंत आहे?

त्याला म्हटलं, या वर्षी नियम कडक झालेत. पुढच्या रिन्यूअलला नक्की, इन्शाल्ला. या वेळी तो इन्शाल्ला म्हणाला नाही. “बरा” म्हणाला. मग खिशातून चार केळी काढून टेबलावर ठेवली. बागायती त्याच्या कुठल्या मित्राची. इथे वाळवंटात केळी लावणारे मित्र यालाच भेटायचे.

व्हिजिट व्हिसावर महिनाभर तरी आणू का म्हणून विचारत होता. मी सांगितलं, कॉलेज ड्रायव्हर कॅटेगरीला व्हिजिट देत नाही. तसा नियम लेखी नाही, पण नियम काय, मीच करतो.

२ मार्च १९९५

तिसरा कप. कॉलेजचा स्पोर्ट्‌स डे होता, घरच्यांना नेलं. परतताना परकारच्याच बसने आलो. पर्णिका पुढच्या सीटवर बसून एकटक त्याच्याकडे बघत होती. घरी आल्यावर विचारते, “बाबा, व्हाय डझ द कोच ड्राइव्ह द कोच?”

सुलभा हसली. मीही हसलो. शब्दांशी खेळायची हुशारी तिने माझ्याकडूनच घेतली.

सुलभाचं हसू लवकर थांबलं. म्हणाली, “खरंच हो, का चालवतात ते? आणि बायको-मुलीला का नाही आणत?” मी म्हटलं, काही पुरुषांना एकटं राहायला बरं वाटतं. शुक्रवारी फोन केला की संसार झाला. ती म्हणाली, “मला तो माणूस तसा वाटत नाही.” बायकांना काय, कुणाचा पडलेला चेहरा दिसला की पाझर फुटतो.

२१ मार्च १९९६

कप गेला. आणि कसा गेला! असला मूर्खपणा मी जन्मात पाहिला नाही.

शेवटची सात मिनिटं, शून्य-शून्य. आपल्या गोलसमोर गर्दी, चेंडू आपल्या मुनीरच्या हाताला लागला. रेफरीने पाहिलं नाही. समोरच्या टीमनेही पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही! आणि हा मुनीर, ज्याचा बाप इथे तीन सुपरमार्केट चालवतो, त्या मुनीरने स्वतःहून हात वर केला. पेनल्टी. एक-शून्य. खलास.

अरबाब खुर्ची ढकलून निघून गेले. मी परकारला गाठलं. म्हटलं, पोराला झापलंस की नाही? तर म्हणे, “पुढच्या वर्षी त्याला कॅप्टन करणार.”

“हे हरिश्चंद्राचं खूळ तू शिकवलंस?”

“मी काय शिकवत नाय, सायब. कुणी फाउल केला, मला दिसला, तरी मी बोलत नाय. तो आपल्या तोंडान सांगेल म्हणून थांबतो.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“थांबायचा.”

“किती?”

तो माझ्याकडे बघत राहिला. चांगला मिनिटभर. मग बसची किल्ली घेऊन गेला. मला वाटतं त्याला पगारवाढ हवी असावी आणि कपच गेल्यामुळे तोंड उघडवलं नाही. या लोकांना सरळ बोलता येत नाही.

९ सप्टेंबर १९९७

रिन्यूअल. तेच. “नियम कडक.” तो “बरा” म्हणाला. केळी नाहीत.

मुनीर कॅप्टन झाला आणि मार्चमध्ये कप परत आला होता हे लिहायचं राहिलं. चौथा.

२५ मार्च १९९९

सहावा कप. कपाटात जागा नाही, माझी स्टेशनरी बाहेर काढावी लागली. सहा भांडी आणि त्यांना ब्रासो लावायला वेगळा माणूस.

इंग्रजी पेपरवाल्याचा फोन आला होता, कोचवर फीचर करायचंय म्हणून. सहा कप, आठ वर्षं, त्याच्या हाताखालची दोन पोरं इथल्या क्लबांतून खेळतात, कसं करतो हा माणूस वगैरे. मी सांगितलं, आमचे मिस्टर परकार प्रसिद्धीपासून लांब राहतात. आता पेपरवाल्याने हुद्दा विचारला असता, कार्ड मागितलं असतं, तर? कॉलेजची शोभा झाली असती. शेवटी बातमी आली ती ‘मॅनेजमेंटच्या दूरदृष्टी’वर. अरबाबांनी ती फ्रेम केली.

परकारला दुपारी बातमी दाखवली. त्याने वाचली, घडी केली, खिशात घातली. “शहनाझला पाठवतो,” म्हणाला. म्हटलं, यात तुझं नाव कुठाय? “कॉलेजचा फोटो हाय ना. तिनं बघितला नाय कॉलेज.”

एमानला आठवीच्या सहामाहीत गणितात ब्याण्णव आहेत म्हणे. विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

१२ सप्टेंबर २०००

रिन्यूअल. या वेळी परकार आलाच नाही. फक्त पासपोर्ट पाठवला शिपायाबरोबर, आत फॉर्मसाठी त्याचे दोन फोटो.

चला, सुटलो. दर तीन वर्षांनी तीच रेकॉर्ड लावायचा कंटाळा आला होता.

तरी दिवसभर दाराकडे बघत होतो, कशाला कोण जाणे. चहा दोनदा गार झाला.

५ एप्रिल २००३

नवव्या कपाचं पॉलिश सुकलं नाही तोच नवं संकट. अरबाबांच्या मुलाने सूत्रं हातात घेतली आणि प्रिन्सिपॉल म्हणून डॉक्टर हेमा नावाची बाई आणली. बेचाळीस वर्षांची, खणखणीत. युनिव्हर्सिटीची कमिटी येतेय, त्यासाठी प्रत्येक स्टाफचा हुद्दा आणि व्हिसावरचा व्यवसाय यांचा तक्ता मागितला. मी तक्त्यात परकारचं नाव ट्रान्सपोर्टमध्ये घातलं. ट्रान्सपोर्टचं कोण वाचतंय!

बाईने वाचलं.

“मिस्टर टिकेकर, ज्या माणसाच्या कपांनी तुमचं कपाट भरलंय तो बस ड्रायव्हर?”

मी म्हटलं, मॅडम, जुनी योजना आहे. एक व्हिसा, दोन कामं.

“कुणाची योजना?”

बारा वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य पुढे रेटता आलं नाही. म्हटलं, मॅडम, मूळ टायपिंग सेंटरचा घोळ. “मग दुरुस्त का नाही केलं?” म्हटलं, फार किचकट असतं, मिनिस्ट्री, अबू धाबी. बाई म्हणाली, “उद्या करून आणा. नाही झालं तर मी स्वतः जाते.”

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. सुलभाने विचारलं, काय झालं? म्हटलं, ॲसिडिटी.

६ एप्रिल २००३

तेच टायपिंग सेंटर. माणूस दुसरा. पत्र दिलं, फॉर्म दिला, आणि या वेळी लिहिलं ‘फुटबॉल कोच’, शिवाय तोंडाने तीनदा सांगितलं, शेवटी खुर्चीत बसल्या बसल्या लाथ मारून दाखवली. तो हसला. मग टाइप केलं, शिक्का मारला. दीडशे दिरहम, म्हणजे आपले दोन हजारही नाहीत. मिनिस्ट्रीतून दोन आठवड्यांत कार्ड येतं म्हणाला. अबू धाबीचं नावही निघालं नाही.

घड्याळ बघितलं. दहा मिनिटं.

गाडीत येऊन बसलो आणि ए.सी. लावायचं विसरलो. पाठ भिजल्यावर लक्षात आलं.

ऑफिसात येऊन जुनी फाइल काढली. म्हटलं, मूळ फॉर्म काढून फाडून टाकावा, कमिटी येतेय. फॉर्म होता. माझंच अक्षर, ‘कोच’, पुढे फुटबॉल नाही. आणि त्याला टाचलेली एक चिठ्ठी, त्या वेळच्या क्लार्कची : फॉर्मची नक्कल अर्जदारास दिली. खाली सही, वली परकार, १६ डिसेंबर १९९१.

म्हणजे माझ्याकडे येऊन गेल्यावर दोन दिवसांनी. म्हणजे त्याच्याकडे माझ्या अक्षरातला कागद बारा वर्षं आहे. एक दिवस अरबाबांच्या टेबलावर ठेवला असता की मी संपलो होतो. तेव्हा तर सुलभाचं तिकीटही काढून झालं होतं.

का नाही ठेवला? भित्रा असेल. किंवा त्याला कळलंच नसेल कुणाचं अक्षर ते. मूर्ख आहे, झालं.

फॉर्म फाडला नाही. कंटाळा आला.

२६ ऑगस्ट २००३

शहनाझ परकार आल्या. व्हिसा मीच केला, आणि लवकर केला, हे कुणीतरी लक्षात घ्यावं. एमान आली नाही. ती अठरा वर्षांची आहे, रत्नागिरीत कॉलेजला जाते, मैत्रिणी सोडून येणार नाही म्हणाली. परकार म्हणाला, “तिला बाप म्हणजे फोनातला आवाज. एवढी मोठी पोर आता फोनातून कुठं बाहेर काढायची?” हसत म्हणाला. हा माणूस कुठल्याही गोष्टीला हसतो, त्याचा मला फार राग येतो.

शुक्रवारी जेवायला बोलावलंय. सुलभा हो म्हणून बसली.

२९ ऑगस्ट २००३, शुक्रवार

जेवून आलो. हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

अल कुसैसमध्ये एक खोली, पण लख्ख. शहनाझबाईंनी आमच्यासाठी वालाचं बिरडं वेगळ्या, नव्या पातेल्यात केलं होतं, आणि ते नवं आहे हे दाखवायला त्यावरचा दुकानाचा स्टिकर तसाच ठेवला होता. तांदळाच्या भाकऱ्या. बाई परकारपेक्षा वयाने मोठी वाटते. केस बरेच पांढरे, हात मात्र चपळ. नवऱ्याशी बोलताना डोक्यावरचा पदर सारखा सावरते. ओळख नव्याने करून घेतल्यासारखी. त्यालाही मीठ किती लागतं ते विचारून वाढत होती.

जेवण झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. खाली, चटईवर. म्हटलं, अहो, वर बसा. नाही म्हणाली.

“टिकेकर सायब, तुमचा नाव मला बारा वर्षां पाठ हाय. ह्यांच्या दर पत्रात असायचा. टिकेकर सायब खटपट करतायत. टिकेकर सायब परत मिनिस्ट्रीत गेले. या खेपेला झाला नाय, पण सायबानी शब्द दिलाय. लोक बोलायचे, त्याने तिकडं दुसरी केली असेल. मी बोलायची, सायब खोटा कशाला बोलतील? पाच वक्ताच्या नमाजात मी आधी एमानसाठी दुवा मागायची, मग तुमच्यासाठी. ह्यांचा नंबर तुमच्यामागून.” आणि हसली. तिचे डोळे भरले होते.

मी परकारकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एवढ्या वर्षांत तो मला कधी रागावलेला दिसलाच नाही. नुसता बघत होता, काही घाई नसल्यासारखा.

मी म्हणालो, “अहो, त्यात काय. कर्तव्यच होतं ते माझं.”

हे वाक्य मी म्हणालो. मीच म्हणालो. बिरड्याचा घास अजून पोटात उतरला नव्हता.

परकारने मान खाली घातली आणि बशा उचलायला लागला.

गाडी सिग्नलला थांबली. सुलभा एकदम म्हणाली, “काय खटपट केलीत हो तुम्ही बारा वर्षं?”

मी म्हटलं, “तुला ऑफिसातलं काय कळतं?”

“मला एवढं कळतं, की ॲसिडिटी तुम्हाला एप्रिलपासून आहे. सांगा.”

सांगितलं. दोन फायली, टायपिंगवाला, ‘यस यस बस’, अरबाबांचा हात खांद्यावर, केळी, सगळं. तुझ्यासाठीच केलं, असंही म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, “माझं नाव घेऊ नका. मी आले तेव्हा तुम्ही मला एअरपोर्टवर घट्ट धरून रडला होतात. तुम्हाला माहीत होतं एकटं राहणं काय असतं ते. माहीत असून तुम्ही बारा वर्षं त्या बाईला तिकडे ठेवलीत.” मग ती म्हणाली, “गाडी वळवा.”

मी म्हटलं, आता? साडेतीन वाजलेत, ती माणसं आडवी झाली असतील. बरं दिसत नाही.

“वळवा.”

पहिला यू-टर्न गेला. मी वळलो नाही. दुसरा गेला. मनात हिशेब चालू होता, उद्या ऑफिसात परकारला बाजूला घेऊन सांगता येईल, दोन शब्द, पुरुषापुरुषांत, बाईला कशाला त्रास. तिसऱ्या यू-टर्नच्या आधी सुलभाने सीटबेल्ट काढला आणि दाराच्या हँडलवर हात ठेवला. गाडी शंभरवर होती. ही बाई असं कधी करत नाही.

वळलो.

एकटाच जिना चढलो. सुलभा खाली गाडीतच थांबली, म्हणाली, हे तुमचं तुम्ही करा. बेल वाजवली. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता तो बंद झाला. परकार दार उघडेल असं वाटलं होतं, म्हणजे सोपं गेलं असतं.

दार शहनाझबाईंनी उघडलं. हाताला साबण. माझ्याकडे बघून त्यांना वाटलं चष्मा नाहीतर किल्ली राहिली असेल, लगेच मागे वळून खोलीत बघायला लागल्या.

“काय विसरलाव, सायब?”

“हो,” म्हटलं. “जरा बसा. तुम्हाला एक सांगायचं राहिलंय.”